ओट्यावरचा गाळाचा खडक

खडकांचे प्रकार शिकवताना आपण फळ्यावर तीन चौकटी काढतो आणि मुलं त्या पाठ करतात. गाळाचा खडक दाखवायचा म्हटलं की अडचण येते, कारण आपल्याकडे डोंगरापासून बांधापर्यंत सगळा काळा बेसॉल्टच. पण शिक्षकहो, तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल ना? आणि पालकांनो, तुमच्या ओट्यावर कडप्पा? दोन्ही चुनखडकच. पहिला कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला, दुसरा आंध्रातला.

फरशीच्या दुकानामागे तुटके तुकडे पडलेले असतात, एखादा मागून आणा. आधी त्याची कड बघू द्या. बऱ्याच तुकड्यांत बारीक थर दिसतात. समुद्रतळाशी चुन्याचा गाळ एकावर एक साचला, दबला, घट्ट झाला. म्हणूनच खाणीत पहार लावली की सपाट लादी सुटते. लाव्हा थंड होऊन बनलेला बेसॉल्ट अशी लादी देत नाही.

मग खिळ्यानं ओरखडा काढायचा, पांढरी पूड निघते. तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे येतात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघतोय. लिंबानंही जमतं, पण हळू. भिंग हाताशी ठेवा. पूड न करता थेंब टाकलात तर कडप्पा ढिम्म राहतो आणि मुलांचा हिरमोड होतो. बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र वर्गात अजिबात नको.

हे बघून एरवी हात वर न करणारी एक मुलगी एकदम म्हणाली, "म्हणूनच आई ओट्यावर कापलेलं लिंबू ठेवू देत नाही!" तोवर तिला ती नुसती आईची कटकट वाटत होती.

फसगतही होते बरं का. फरशीला चिकटलेलं सिमेंट फसफसतं, संगमरवरही. बेसॉल्टच्या पोकळीतले काही पांढरे स्फटिकसुद्धा. काळा ग्रॅनाइट मात्र नाही. ओटा नेमका कशाचा, हे त्यावरून कळतं. पण घरच्या ओट्यावर थेंब टाकू नका, डाग राहतो!

गाळाच्या खडकात जीवाश्म सापडतात, हे वाचलेली मुलं फरशीत शिंपले शोधू लागतात. सापडत नाहीत. हे दोन्ही खडक इतके जुने, की ते बनले तेव्हा शंख-शिंपल्यांचे प्राणीच पृथ्वीवर नव्हते. हे उत्तर मी लगेच सांगत नाही. आठवडाभर शोधू देतो.