बाबांच्या १४ काठ्या

खंडेनवमीला आमच्या भोपाळच्या घरी पाटावर आईची विळी, माझा लॅपटॉप आणि बाबांची गोल्फची बॅग असते. विळी रोजच्या वापरातली, तिला नुसतं धुतलं तरी पुरतं. लॅपटॉपवरून फडकं फिरवलं की झालं. बॅगेला मात्र आदला अख्खा दिवस लागतो.

बाबा सैन्यात होते, महूच्या छावणीत गोल्फ शिकले. नियमाप्रमाणे बॅगेत १४च्या वर काठ्या चालत नाहीत. "मग तुझ्या चपला का चालतात?" हा त्यांचा विनोद मी अजून ऐकते.

मी १२ वर्षांची असताना त्यांना खूश करायला सगळ्या काठ्या साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातल्या. लोखंडी काठ्या निभावल्या. ड्रायव्हर मात्र जुना, लाकडी डोक्याचा. धातूची डोकी १९८०नंतर रुळली; त्याआधी ती बहुधा पर्सिमनच्या लाकडाची असत. हे अमेरिकेतलं झाड म्हणजे आपल्या विडीच्या तेंदूच्या भावकीतलं. सकाळी लाकूड फुगलं होतं, मानेवरचा दोरा सुटला होता. बाबा एक शब्द बोलले नाहीत. (रागावले असते तर बरं वाटलं असतं.) आठवडाभर सावलीत वाळवून त्यांनी मेण लावलेला दोरा पुन्हा गुंडाळला. पण त्या काठीने ते परत कधी खेळले नाहीत.

पुढच्या रविवारी मला शेजारी बसवलं. बादलीत चार बोटं कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. फक्त लोखंडी पातं बुडवायचं. दांडा जिथे पात्यात बसतो तो काळा कडा पाण्याबाहेर, कारण तिथे पाणी मुरलं की जोड ढिला होतो. खाचांमधली माती दात कोरायच्या काडीने काढायची, खिळ्याने कधीच नाही. त्या खाचांमुळे चेंडूला फिरकी मिळते. त्या मातीने भरल्या तर चेंडू पडल्या जागी थांबत नाही, पुढे पळतो. रबरी मूठ ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची. घामाने ती गुळगुळीत झाली, की माणूस नकळत काठी आवळून धरतो आणि फटका बिघडतो. पावसाळ्यात बॅगेत ओला टॉवेल ठेवला तर दांड्यांवर गंजाचे ठिपके आलेच समजा.

आता बाबांच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही. खुर्चीत बसून ते एकेक पातं उजेडात धरून तपासतात. यंदा माझा लेक १२ वर्षांचा. तो तो लाकडी ड्रायव्हर घेऊन बादलीकडे निघाला आणि मी ओरडणार, तेवढ्यात बाबांनी डावा हात पुढे केला.

"ती इकडे आण. तिला कोरडं फडकं."

"आजोबा, हा दोरा कशाला?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"जुनी काठी आहे. मान जपावी लागते तिची," म्हणाले, आणि मेणाची डबी उघडायला त्याच्याकडे दिली.