आजच्यापुरतें वचन

मोठे ग्रंथ सुखाच्या दिवसांत वाचून होतात. दुःखांत एक ओळही जड जाते. पत्नीच्या निधनानंतरच्या वर्षीं हें मला कळलें. तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें कपाटांतच राहिलीं. एका ख्रिस्ती सहाध्यापकांनीं दिलेली दैनिक वचनांची लहानशी पुस्तिका तेवढी रोज हातीं येऊं लागली.

तिची परंपरा जुनी आहे. जर्मनींतील हेर्नहूट गांवीं १७२८ सालीं काउंट झिंझेनडॉर्फ यांनीं मंडळींना दुसऱ्या दिवसासाठीं एक वचन दिलें. १७३१ पासून वर्षभराचीं वचनें छापून निघूं लागलीं. जुन्या करारांतील वचन चिठ्ठी टाकून ठरतें. नव्या करारांतील त्याला जुळेल असें निवडतात.

चिठ्ठी कशाला, असें कोणी विचारील. आपणच निवडूं लागलों, तर मनाला रुचेल तेंच निवडूं. न मागतां आलेलें वचन कधीं धीर देतें. कधीं शेजाऱ्याच्या दुःखाची आठवण करून देऊन आपल्याला आपल्या दुःखाबाहेर काढतें. मी ख्रिस्ती नाहीं. परंतु उद्यांचा भार आज उचलूं नये, ही येशूची शिकवण मला पटली ती अशा एकेका दिवसाच्या वाचनानेंच.