एक थाप माफ

परवा मधल्या सुट्टीत माझी चांगलीच फजिती झाली. शिक्षकांच्या खोलीत मोबाइल डब्याच्या झाकणाला टेकवून ठेवला होता आणि त्यावरच्या एका अंतराळयानाचा उभा छेद मी कागदावर उतरवून घेत होतो. एवढ्यात मुख्याध्यापिकाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘काय सर, एलिमेंटरीच्या मुलांसाठी का?’ त्यांनी कौतुकाने विचारले. खोटे बोलायला संधी चांगली होती. पण तोंडून खरेच निघून गेले. ‘नाही बाई, एक मालिका आहे, तिच्यातले यान आहे.’ बाईंनी माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे पाहिले, यानाकडे पाहिले आणि ‘बरं, बरं’ म्हणून त्या निघून गेल्या. आजारी माणसाला भेटून उठताना आपण म्हणतो ना, अगदी त्या सुरात!

तेव्हा वाचकहो, आता लपवण्यात काही अर्थ नाही. मी चित्रकलेचा मास्तर आहे, शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही आणि माझ्या नावावर तीन कादंबऱ्या आहेत. तिन्हींत एक विहीर, एक पडका वाडा आणि एक तरी विधवा आत्या आहे. यान एकाही कादंबरीत नाही. असे असूनही रात्रीची जेवणे आटोपली की मी मंगळावर, लघुग्रहांवर किंवा पुढच्या शतकात असतो. हे वेड लहानपणचे. १९८९ साली दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ लागे, तेव्हा शेजारच्यांच्या दारात बसून मी ते पाहिले. पुढे १९९८ साली ‘कॅप्टन व्योम’ आला, तेव्हा मिसरूड फुटली होती, म्हणून धाकट्या भावासाठी पाहतो आहे असे दाखवून पाहिला.

पण खरी गोडी लागली ती २०२० साली. शाळांना टाळे होते, लेक आठवीत जाणार होती आणि घरात तिघे जण एकमेकांची तोंडे पाहून कंटाळलो होतो. तिनेच ‘द एक्स्पान्स’ नावाची मालिका लावली. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांवरचे कामकरी लोक यांचे भांडण, असा विषय. पहिल्याच भागात सेरेस नावाच्या लघुग्रहावरच्या वस्तीत एक पाखरू उडताना दिसते. ते पंख मारते, थांबते, तरंगत राहते, मग पुन्हा एकदा पंख मारते. मी म्हटले, ‘चित्र काढणाऱ्याचे चुकले. असा पक्षी पडेल.’ लेक म्हणाली, ‘बाबा, तिथं वजनच कमी आहे. मग कशाला फडफडेल?’ मी गप्प झालो. कोणीतरी त्या दूरदेशी बसून, दोन क्षणांच्या पाखरासाठी एवढा विचार केला होता!

यानाचेही तसेच. एरवी पडद्यावरची याने म्हणजे समुद्रावरच्या बोटी; माणसे बोटीवर चालतात तशी आडवी चालतात आणि त्यांना जमिनीला कोण धरून ठेवते हे विचारायचे नसते. ‘एक्स्पान्स’मधले यान चाळीसारखे आहे. तळाला इंजिन आणि वर मजल्यावर मजले. एस.टी. सुटताना आपण पाठीमागे दाबले जातो ना, तसे यान पुढे रेटले की माणसे इंजिनाकडे दाबली जातात. म्हणून इंजिन ज्या बाजूला ती जमीन. हे मला लेकीने एस.टी.चा दाखला देऊन समजावले. लघुग्रह फिरवून वजन कसे आणतात, ते तिने अंगणात पाण्याची बादली गरगर फिरवून दाखवले. तिच्या आईला ती बादली पटली नाही, कारण शेवटच्या फेऱ्याला निम्मे पाणी वाळत घातलेल्या पापडांवर गेले.

तेव्हापासून मी एक माप ठरवले आहे. कथेला आरंभी एक थाप मारण्याचा हक्क असतो. तेवढी माफ. पण ती मारल्यावर पुढचा सगळा हिशेब चोख पाहिजे. अडचण आली की दुसरी थाप काढायची नाही. ज्या कादंबऱ्यांवरून ही मालिका निघाली, त्या जेम्स एस. ए. कोरी या एकाच नावाखाली दोघे जण मिळून लिहीत. एका कादंबरीसाठी स्वतःशीच वर्षवर्ष भांडणाऱ्या माझ्यासारख्याला ही त्यातली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट वाटते! २०१८ साली तीन पर्वांनंतर वाहिनीने मालिका बंद केली, तर चाहत्यांनी वर्गणी काढून एक विमान भाड्याने घेतले आणि मागे फलक बांधून दुसऱ्या कंपनीच्या स्टुडिओवरून फिरवले. त्या कंपनीने ती पुढे चालवली; जानेवारी २०२२ मध्ये सहाव्या पर्वाने ती संपली. सगळ्यांचेच नशीब असे नसते. ‘डार्क’ ही जर्मन मालिका ज्यांनी तीन पर्वांत नेटकी पुरी केली, त्यांचीच ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि दोन महिन्यांच्या आत, पहिल्या पर्वावरच, बंद झाल्याचे जाहीर झाले. दिवाळी अंकात अर्धी कादंबरी छापावी आणि उरलेली पाने रद्दीत घालावीत, तसा हा प्रकार.

पण मी सांगत होतो ‘सेव्हरन्स’विषयी. तीही २०२२ सालचीच, फेब्रुवारीतली. तिची थाप एवढीच: मेंदूत एक बारीकशी चीप बसवली की ऑफिसात घरचे काही आठवत नाही आणि घरी ऑफिसातले. लिफ्टमध्ये चढला तो एक माणूस, उतरला तो दुसरा. नायकाची बायको गेलेली असते; दिवसाचे आठ तास तरी ते दुःख नको, म्हणून त्याने ही शस्त्रक्रिया करून घेतलेली. बाकी यान नाही, राक्षस नाही. लांबच लांब पांढरे बोळ, हिरवा गालिचा, भल्यामोठ्या खोलीच्या मधोमध एकमेकांना चिकटलेली चार टेबले. चित्रकलेच्या भाषेत सांगायचे तर मोकळ्या जागेचा एवढा धाक मी दुसऱ्या कुठल्याही पडद्यावर पाहिलेला नाही. आमचे गणिताचे सर म्हणाले, ‘अशी शस्त्रक्रिया निघाली तर मी रांगेत पहिला!’ हे मी घरी सांगितले, तर सौभाग्यवती म्हणाल्या, ‘तुमची कधीच झालीय. घरी आल्यावर सांगितलेलं एक तरी काम दुसऱ्या दिवशी आठवतं का?’

पहिल्या पर्वाचे नऊ भाग. लेकीने आणि मी ते आठवड्याला एक याप्रमाणे पाहिले आणि एप्रिलमध्ये शेवटच्या भागात नायकाच्या तोंडून एकच आरोळी निघते न निघते तोच पडदा काळा झाला. आम्ही दोघेही उठून उभे राहिलो होतो! दुसरे पर्व येईल तेव्हा मिळूनच पाहायचे, असे तिथल्या तिथे ठरले.

दुसरे पर्व आले १७ जानेवारी २०२५ ला. मधे २०२३ साली तिकडच्या लेखकांचा आणि नटांचा संप झाला, त्यातही बराच काळ गेला. मोठ्या माणसाला पावणेतीन वर्षे म्हणजे काय? तोच कोट, तीच सायकल. पण नववी संपवून माझ्या शेजारी बसलेली मुलगी तोवर बारावीत गेली होती आणि बोर्डाची परीक्षा ११ फेब्रुवारीला होती. मालिका काढणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. ते म्हणतात, थांबा. आणि मुले काही थांबत नाहीत.

मधे एकच मालिका आम्ही मिळून पाहिली, ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’, अकरावीची परीक्षा आटोपल्यावर. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या कादंबरीवरून काढलेली, आठ भागांची. तिच्याविषयी माझे मत फारसे बरे नाही. कथा उचलून विलायतेत नेली आहे, शास्त्रज्ञ मंडळी जरा जास्तच देखणी आहेत आणि थापांचा हिशेब पाचव्या भागानंतर मला लागेना. पण तिची सुरुवात! १९६६ सालचे पेकिंग. भर सभेत पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला त्याचेच विद्यार्थी मारतात, बायको त्याच्याविरुद्ध बोलते आणि गर्दीत उभी असलेली त्याची मुलगी ते पाहते. तिथे परग्रह नाही की थाप नाही. तसे त्या वर्षांत खरोखरीच घडत होते. बावीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस मी. मला तिकडे पाहवेना. लेकीने काही न बोलता आवाज कमी केला आणि तो प्रसंग संपेपर्यंत कमीच ठेवला.

यंदा जूनमध्ये ती पदार्थविज्ञान शिकायला पुण्याला गेली. वसतिगृहात राहते. ‘सेव्हरन्स’चे दुसरे पर्व परीक्षेपायी राहिले, मग निकाल, मग प्रवेश; शेवटी दिवाळीला पाहायचे ठरले. मी त्याविषयी काही वाचतही नाही. शाळेत कोणी विषय काढला तर उठून जातो.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळी मी तिला फोन केला. मागे ढोल-ताशांचा गजर इतका, की एक अक्षर धड ऐकू येईना. ती ओरडून म्हणाली, ‘बाबा, इथं नुसता त्या ऑफिसातल्या बँडसारखा प्रकार चाललाय!’

‘कुठल्या ऑफिसातल्या गं?’

ती जरा थांबली. ‘काही नाही, असंच. आई काय करतेय?’

पहिल्या पर्वाचे नऊ भाग मला तोंडपाठ आहेत. त्यात एके ठिकाणी नाच आहे. बँड नाही.

काल तिचा फोन आला होता. वसुबारसेला पोचते म्हणाली. चार दिवस मुक्काम, दहा भाग. रोज अडीच भाग पडतात, हा हिशेबही तिनेच केला. आईला चकलीत ओवा कमी घालायला सांगितले. मग म्हणाली, ‘बाबा, तुम्ही थांबलायत ना? पुढचं काही बघितलं नाहीत ना?’

म्हटले, ‘नाही बाई. तू?’

‘छे! मला तरी कुठं वेळ?’

मी म्हटले, ‘मग ये लवकर.’