कार्ड काढून दिलं, पुढचं सांगितलं नाही

किन्हीराजात ‘पाच लाखाचं कारड’ म्हटलं की लोक माझ्या दुकानाकडे बोट दाखवतात. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या या गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आणि गेली काही वर्षं आयुष्मान कार्ड. कार्डं मी पुष्कळ काढली. ग्रामसभेत त्याबद्दल कौतुकही झालं. म्हाताऱ्या माणसाच्या दवाखान्याचा खर्च सरकार उचलतं हे खरं आहे. पण तो कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वेळी आणि कोणता कागद दाखवल्यावर, हे कार्ड हातात देताना मी कुणाला सांगत नव्हतो. त्याची किंमत मी सोडून बाकीच्यांनी मोजली.

पहिली चूक यादीची. आयुष्मान कार्ड ज्या योजनेचं, ती पंतप्रधान जनआरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत, पण लाभार्थी ठरणार २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून. म्हणजे मी संगणकावर नाव टाकायचं, सापडलं तर कार्ड, नाही तर “आजी, तुमचं नाव यादीत नाही, काही होत नाही.” एवढं बोलून मी पुढच्या माणसाकडे वळायचो. ज्यांचं घर गावात सगळ्यांना गरीब म्हणून ठाऊक, त्यांचंही नाव कधी कधी नसायचं. मला वाईट वाटायचं, पण यादी मी केलेली नव्हती, असं म्हणून मी मोकळा व्हायचो.

यादीत नाव नाही एवढंच सांगितलं असतं तर चाललं असतं. चुकीचं होतं ते “काही होत नाही”. महाराष्ट्रात वेगळा रस्ता आधीपासून होता. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरपासून ती सगळ्या राज्यात आली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. तिच्यासाठी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि एक ओळखपत्र पुरायचं. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या १४ जिल्ह्यांत वाशिम आहे, त्यामुळे इथल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर उपचार मिळत होते. तेव्हा संरक्षण दीड लाखाचं होतं. २०२४ च्या जुलैपासून ते ५ लाखांचं झालं आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली. यातलं बहुतेक मला माहीत असायला हवं होतं. पण फुले योजनेसाठी माझ्या केंद्रावर काहीच काढायचं नसायचं. ना अर्ज, ना छपाई, ना लॅमिनेशन. ज्यात माझ्या हाताला काम नाही ती योजना माझ्या डोक्यातही राहिली नाही.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला मी असाच परत पाठवला होता. पुढे त्याला हृदयाचा झटका आला, अकोल्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. घरच्यांनी सोयाबीनचे पैसे घातले, वर म्हातारीच्या बचत गटातून कर्ज काढलं. काही महिन्यांनंतर शिधापत्रिकेत नातवाचं नाव घालायला ती म्हातारी माझ्याकडे आली. तिच्या हातातलं रेशनकार्ड केशरी होतं. मी ते पाहिलं आणि तेव्हाही तिला काही बोललो नाही. झालेल्या खर्चाचं आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न “मग तेव्हा काऊन नाही सांगतलं?” हाच आला असता.

दुसरी चूक उलट्या बाजूची. ज्यांचं कार्ड निघायचं त्यांना मी “आता सगळं फुकट” असं सांगायचो. एवढं म्हटलं की माणूस खूश होऊन जायचा आणि रांग पुढे सरकायची. एक आबा, बीपी आणि साखर दोन्ही असलेले, कार्ड घेऊन थेट शहरातल्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं कार्ड उलटसुलट करून परत दिलं. आबांनी ते आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मंग हे कारड काऊन काढून देल्लं बाप्पा? गोळ्याईले तं मले रोजच पैसे लागतेत.”

त्यांचं बरोबर होतं. दवाखान्यात भरती झाल्याशिवाय हे कार्ड चालत नाही. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टी झाल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्या काळातल्या तपासण्या आणि औषधं त्या उपचाराच्या खर्चात धरली जातात. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्या, नुसती डॉक्टरांची भेट, बाहेरची तपासणी यात येत नाही. आणि म्हातारपणी सगळ्यांत नियमित खर्च असतो तो नेमका याच गोळ्यांचा. त्यासाठी आबांना मी आधी गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायला हवं होतं. मी मात्र लाखाच्या गोष्टी केल्या.

तिसरी चूक माझ्या घरातली आहे. माझे काका अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं कार्ड मीच काढलेलं होतं. घाईत आम्ही त्यांना ओळखीच्या डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात नेलं. मी निर्धास्त होतो. अनामत रक्कम भरायला सांगितली तेव्हा मी चुलतभावाला म्हणालो, “भर, बिलं जपून ठेव, नंतर योजनेतून काढू.” तो दवाखाना योजनेत नाही हे शस्त्रक्रिया झाल्यावर कळलं. मग मी बिलांची फाईल घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तिथं शांतपणे सांगितलं गेलं की ही योजना रोकडविरहित आहे, सरकार दवाखान्याला पैसे देतं, रुग्णानं आधी भरलेले परत करत नाही.

इतकी कार्डं काढणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. रीत अशी आहे: योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे कार्ड किंवा रेशनकार्ड आणि ओळखपत्र द्यायचं, तो नोंद करतो, डॉक्टरांचे कागद ऑनलाइन जातात, मंजुरी येते आणि मग उपचार होतात. जिवावरचा प्रसंग असेल तर फोनवरून कळवून उपचार आधी सुरू करता येतात. शिवाय काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, तेव्हा खासगी दवाखाना योजनेत असला तरी तो आजार तिथं बसेलच असं नाही. म्हणजे रुग्णाला गाडीत घालण्याआधी एक फोन करायला हवा. १४५५५ किंवा १५५३८८. हे दोन्ही नंबर माझ्या दुकानातल्या फलकावर छापलेले होते.

चुलतभाऊ मला काही बोलला नाही. चुलती बोलली. “तू तं साऱ्या गावाचे कारडं काढतं ना रे बाप्पा?” तिनं रागानं नाही विचारलं, तिला खरंच कळत नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. काकांच्या खर्चातला काही वाटा मी उचलला, तो चुलतभावानं नको नको म्हणत घेतला.

चौथी चूक सगळ्यांत जुनी आहे आणि तिच्याबद्दल मला बारा वर्षांनी कळलं. देशातलं पहिलं आधार २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. पुढे आमच्या भागात शिबिरं आली तेव्हा मी पोरसवदा होतो आणि रोजंदारीवर माहिती टाइप करायला बसायचो. म्हाताऱ्या माणसांकडे जन्माचा दाखला कुठला? वय विचारलं की कुणी पोळ्याचं सांगायचं, कुणी पुराचं. एक आजी म्हणाली होती, “बहात्तरच्या दुष्काळात माही मोठी पोरगी मांडीवर होती. आता पन्नास लेय, साठ लेय, तुले जे वाटते ते लेय.” मी पन्नास लिहिलं. मांडीवर पोर असलेली बाई तेव्हा निदान अठरा-वीस वर्षांची असणार, म्हणजे शिबिराच्या वेळी साठीच्या घरात, एवढा हिशोब करायला मिनिटही लागला नसता. मागे रांग होती, मी केला नाही.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांसाठी योजना खुली झाली. आयुष्मान वय वंदना कार्ड, उत्पन्नाची अट नाही, जुन्या यादीची अट नाही, आधीचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार. ज्या कुटुंबाला आधीच ५ लाख आहेत, तिथल्या सत्तरीपुढच्या माणसांना वेगळे ५ लाख. कागद लागतो एकच, आधार. ती आजी काठी टेकत आली. अंगठा उमटला नाही, कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा गेल्या होत्या. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता आहे, ती वापरली. पुढे वय आलं, बासष्ट. सत्तरी ओलांडलेली बाई संगणकाच्या लेखी अजून साठीतली होती.

त्या आकड्यानं तिचं एवढंच अडलेलं नव्हतं. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजाराला वय ६५ लागतं, एसटीत अर्ध्या तिकिटाला ६५ आणि मोफत प्रवासाला ७५. २०२३ च्या मार्चात सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, तोपर्यंत ती एसटीचं पूर्ण तिकीट काढत होती. आधारवरची जन्मतारीख एकदा दुरुस्त करता येते, पण त्याला पुरावा लागतो, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईकडे तो नाही. मी तिला सांगितलं, “आजी, हे वय मी लिहिलं होतं.” तिला ते शिबिर आठवत होतं, मी आठवत नव्हतो. ती म्हणाली, “लेकरू होतं तू तवा.” मला हे माफ करणं वाटलं नाही. तिनं विषय संपवला होता. मग मी तिचं रेशनकार्ड मागितलं आणि फुले योजना समजावून सांगितली, कारण तिथं सत्तरीची अट नाही. पहिल्या चुकीतून एवढं तरी शिकलो होतो. वयाच्या दुरुस्तीसाठी काय पुरावा जमतो ते आम्ही अजून शोधतो आहोत.

आता मी काम थोडं वेगळं करतो. कार्डासोबत एक चिठ्ठी देतो. तिच्यावर वाशिम आणि अकोल्यातली योजनेतली रुग्णालयं, ती बदलत असतात म्हणून चिठ्ठीही बदलतो. आरोग्यमित्राला आधी भेटायचं, पैसे आधी भरायचे नाहीत, गोळ्यांचा खर्च यात नाही, हे तोंडानं सांगतो आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेतो. अर्जात मोबाईल नंबरच्या जागी पूर्वी मी सर्रास माझाच नंबर टाकायचो, काम लवकर व्हायचं. योजनेचे संदेश माझ्याकडे यायचे आणि मी ते न वाचता पुसायचो. आता मुलाचा, सुनेचा, निदान शेजाऱ्याचा नंबर घेतल्याशिवाय अर्ज भरत नाही. रांग हळू सरकते, लोक कुरकुरतात.

वाशिमला ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा पुढे अकोल्याच्या खेपा कमी होतील अशी आशा आहे. पण माझ्या वहीत एक रकाना आहे, ‘भरती करायला सोबत कोण’. ज्यांची पोरं पुण्याला, संभाजीनगरला कामाला गेलेली आहेत, त्यांचा तो रकाना रिकामा राहतो. सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे ही योजना देत नाही, आणि सोबत माणूस नसेल तर म्हातारं माणूस कार्ड पेटीत ठेवून घरीच दुखणं काढतं. या रकान्याचं काय करायचं हे मी ग्रामसभेत विचारणार आहे. तिथंच माझं कौतुक झालं होतं, तेव्हा या चुकाही तिथंच सांगेन. आशाताई, बचत गटाच्या बायका आणि आमच्यासारखे रिकाम्या दुपारीही दुकानात बसणारे, अशी पाळी लावली तर गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना तरी कुणी घेऊन जाईल. पहिली पाळी मी माझी लिहिणार आहे.