पडद्याची दांडी

भिंतीला कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिला पोटही असते, आणि त्या पोटात काय दडले आहे हे तिच्यात खिळा ठोकायला गेल्याशिवाय कळत नाही. दिवाळीच्या तोंडावर सफेदीचा हात फिरवलेली जुनी भिंत नव्या कपड्यांतल्या आजोबांसारखी दिसते. झकपक! पण पाठीवर थाप मारून पाहावी, तर आतून खोकला ऐकू येतो.

आमचा वाडा पुण्याच्या नदीकाठच्या पेठेतला. लाकडाचा सांगाडा, मध्ये विटा आणि पांढरी माती, वर चुन्याचा गिलावा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा कितीतरी वाडे जागच्या जागी बसले. आमचा उभा राहिला. पुढे केव्हातरी तळमजल्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. भिंत दिसायला टणक झाली खरी, पण चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते. कोंडलेल्या ओलीने खार फुटला आणि आतली माती पिठासारखी भुसभुशीत झाली.

याच भिंतीलगत माझ्या आत्याची खाट आहे. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिचे माडीवर जाणे संपले. रोज सकाळी आमची सौ. तिला अंथरुणातच पुसून घेते. खिडकी उघडते बोळात. ती लावून घ्यावी, तर खोलीत अंधार आणि घुसमट. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आता लाज कसली, असे म्हणणारे शहाणे जगात असतात. ज्या आत्याने जन्मात स्वतःसाठी काही मागितले नाही, तिने यंदा एक पडदा मागितला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? आम्हालाही तसेच वाटले. एक तरुण कारागीर आला. त्याने भुर्रकन भोके पाडली, त्यांत प्लॅस्टिकच्या गुल्ल्या बसवल्या आणि स्क्रू पिळले. ही गुल्लीची युक्ती मोठी नामी. स्क्रू आत शिरला की गुल्ली फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबून धरते. पण दाबून धरायला कडा तर टणक हव्यात! आमच्या भिंतीत गुल्ली फुगली, आणि माती मागे सरली. तिसऱ्या दिवशी दांडी, पडदा आणि ताटाएवढा पोपडा असे सारे आत्याच्या पायांवर आले. कारागिराने आणखी लांब स्क्रू आणले. तेही आठवडाभरात खाली आले.

"कशाला एवढा खटाटोप?" माझा पुतण्या म्हणाला. "दोन वर्षांत वाडा पाडायचाच आहे. तोवर एखादी चादर बांधा."

आत्या डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "अरे, दोन वर्षांच्या सातशे तीस सकाळी होतात."

कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मी जुन्या ओळखीच्या सुतारमिस्त्रींना बोलावून आणले.

मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. वैद्याने छाती तपासावी तशी बोटाच्या पेराने ते भिंत वाजवत गेले. बद, बद, बद... आणि एकाएकी ठक्! खिडकीच्या दोन्ही अंगांना, गिलाव्याआड, वाड्याचे सागवानी खांब उभे होते.

"पडद्याला वजन असं नाहीच," ते म्हणाले. "पण दांडी भिंतीपासून चार बोटं पुढे असते. पडदा ओढला की वरचा स्क्रू उपटला जातो. रोज थोडा थोडा."

मी विचारले, "मग खिडकीच्या चौकटीलाच ठोकली तर?"

"झडपा आत उघडतात ना तुमच्या! पडद्यात अडकतील."

त्यांनी सहा फूट लांब, चार इंच रुंद अशी सागवानी फळी आणली. ती खिडकीच्या वरून आडवी नेऊन दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रूंनी खांबांत पक्की केली आणि दांडी त्या फळीवर बसवली. मधल्या मऊ भिंतीत एकही भोक पाडले नाही.

"खांब नसते तर?" मी विचारले.

"मग भुसा झालेली माती खरवडून काढायची, भोक आतून रुंद अन् तोंडाशी अरुंद ठेवायचं, पाणी शिंपडून लाकडी गुल्लीसकट चुन्यानं भरायचं. आणि थांबायचं. चुना हवा खाऊन घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात. लोकांना तेवढा दम कुठला?"

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या फळीकडे पाहत होतो. घरातल्या थकलेल्या माणसांकडे आपण दोनच नजरांनी पाहतो. त्यांच्यावर पूर्वीइतकाच भार टाकतो, नाहीतर आता पाडायचेच आहे म्हणून त्यांच्यासाठी काही करायचे सोडून देतो. त्यांच्या अंगावरचा भार अलगद उचलून धडधाकट खांबांवर नेता येतो, हे सुचायला एक सुतार यावा लागतो. आणि खांब बहुधा घरातच असतात, गिलाव्याआड. आमच्याकडचा एक खांब रोज पहाटे उठून पाणी गरम करतो, हेही मला त्याच दिवशी दिसले.

पडद्याला मिस्त्रींनी एक दोरी लावून दिली आहे. सकाळचे पुसणे झाले, नवे लुगडे नेसून झाले, की आत्या पडून राहूनच ती दोरी स्वतःच्या हाताने ओढते. पडदा सरकतो, बोळातले ऊन खाटेवर येते, आणि समोरच्या दारातल्या मुलींना ती खणखणीत आवाजात सांगते, "अगं, रांगोळीची ती डावीकडची रेघ वाकडी गेली बघ!"