आठ लाखांचा आवाज



गेल्या महिन्यात हे पुण्याहून एक कोटेशन घेऊन आले. अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि वायरी मिळून 8 लाख 40 हजार रुपये. त्यात नुसत्या वायरी 46 हजारांच्या! मी चष्मा पुसून परत वाचले.

"अहो, वायर सोन्याची आहे का?"

"अगं, आवाज शुद्ध येतो."

ह्यांना दुसरा कसलाही नाद नाही, हे आधी सांगायला हवे. बालपण मिरजेत गेले. उरुसात मीरासाहेब दर्ग्यात गाणे असायचे, ते ऐकत रात्र काढायची आणि सकाळी तसेच शाळेत जायचे. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, म्हणजे ह्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी. पण त्यांच्या तबकड्या सासऱ्यांकडे होत्या. शिकलगारांच्या दुकानांवरून जाताना जवारी लावताना ऐकू येते, तिथे हे आजही पाच मिनिटे उभे राहतातच. हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी भोपळ्यातून तंबोरे घडवले, त्या गावचा माणूस आवाजाच्या बाबतीत चोखंदळ असणारच.

पण मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. रोज दोन तास ऐकले तर दहा वर्षांत 7,300 तास होतात. म्हणजे तासाला 115 रुपये. हे खूश झाले, "बघ, सिनेमापेक्षा स्वस्त!" मग मी व्याज धरले. हीच रक्कम 7 टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला 58,800, म्हणजे महिन्याला 4,900 रुपये हाती येतात. ते धरले की तासाला 195 रुपयांच्या वर खर्च जातो. यावर हे काही बोलले नाहीत.

साताऱ्याच्या लेकीने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. 2007 साली अमेरिकेत बॉस्टनच्या हौशी मंडळींनी एक परीक्षा घेतली होती. साध्या सीडीच्या दर्जाचा आवाज कोणता आणि त्याहून उंची रेकॉर्डिंगचा कोणता, हे न सांगता ओळखायचे. पाचशेहून जास्त वेळा करून पाहिले, तर निम्मीच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी तेवढीच आली असती. ही परीक्षा स्पीकरची नव्हती, हेही खरे. स्पीकर बदलला की फरक पडतो, तो मलासुद्धा कळतो. पण चांगल्या स्पीकरपासून आठ लाखांपर्यंत जो पल्ला आहे, त्यात कानाला किती मिळते आणि मनाला किती, हा माझा प्रश्न आहे.

आणि कानाचेच म्हणाल तर खरी अडचण तिथेच आहे. वर्षभर हे टीव्ही मोठा लावतात. सून हळू बोलते, तर "काय? काय?" करतात. ती बिचारी हल्ली त्यांच्याशी कामापुरतेच बोलते. शेवटी तपासणी केली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. 4,000 हर्ट्झच्या पुढे रेघ जिन्यासारखी खाली उतरलेली. माणसाचा तरुण कान 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात. दोन्ही कानांच्या मशीनची जोडी 70 हजारांची. तर हे काय म्हणाले असतील? "एवढे पैसे कशाला? चालतंय की."

मला हसावे की रडावे कळेना. जे स्वर कानात शिरतच नाहीत, त्यांच्यासाठी आठ लाख; आणि जे शिरतील त्यांच्यासाठी सत्तर हजार नकोत!

तसे बोलल्यावर मात्र त्यांनी मला गप्प केले. म्हणाले, "पंचकल्याणकात सवाल लाखांनी चढतात, तेव्हा तू टाळ्या वाजवतेस. तिथे सगळा भक्तिभावच असतो का?" मैत्रिणींनो, याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तो पैसा बस्तीला जातो, घरात राहत नाही, एवढे मी म्हटले. पण माईकवर नाव पुकारले की छाती फुगते, हे मी माझ्यावरूनच जाणते.

म्हणून मग भांडण सोडून आम्ही रत्नकरंड श्रावकाचार काढला. पाचव्या अणुव्रताला समंतभद्राचार्यांनी परिमित परिग्रह म्हटले आहे आणि इच्छापरिमाण हे दुसरे नावही दिले आहे. दुसरे नाव मला जास्त आवडते. वस्तू मोजणे सोपे, इच्छा मोजणे कठीण. मर्यादा दुकानात शिरण्याआधी घालायची असते. एकदा त्या थंडगार खोलीतल्या खुर्चीत बसून खाँसाहेबांची तीन मिनिटांची तबकडी ऐकली, की 8 लाख 40 हजारही वाजवी वाटू लागतात. हे तिथे रडले होते, असे मुलाने मला नंतर सांगितले.

परवा शांतिसागर महाराजांचा शेवटचा उपदेश आम्ही दोघांनी मोबाइलवर ऐकला. 8 सप्टेंबर 1955, कुंथलगिरी, सल्लेखनेचा सव्विसावा दिवस. पुढे दहा दिवसांनी महाराजांची समाधी झाली. आवाज क्षीण, मराठी आपल्या घरातली, वीस-बावीस मिनिटांचे रेकॉर्डिंग आणि सगळीकडे खरखर. ह्यांनी मोबाइल कानाला लावून धरला होता. दोन ठिकाणी मला विचारले, "काय म्हणाले महाराज?" मी सांगितले. तिसऱ्या वेळी विचारले नाही, नुसते माझ्याकडे बघितले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हिशेबाच्या वहीत ह्यांच्या अक्षरात दोन ओळी सापडल्या. कानाचे मशीन : 70,000. स्पीकर वगैरे : 1,00,000, यापुढे नाही. पहिली ओळ पेनाने लिहिली आहे, दुसरी पेन्सिलीने. कोटेशन अजून कपाटातच आहे, त्याची मुदत दिवाळीपर्यंत आहे.