डोंगराची वाट बघणारी सर्किट्स

शुक्रवारी दुपारी चार वाजता मेल आली, की आमचा प्रोजेक्ट बंद. दीड वर्षाचं काम एकदाही लाइव्ह न जाता गेलं. क्लायंटचा प्लॅन बदलला, बस्स. लीडने सगळ्यांना खाली टपरीवर चहा पाजला आणि मला म्हणाला, "सोमवारपर्यंत हँडओव्हर डॉक्युमेंट दे रे." आता जे कुणी वापरणारच नाही, ते हँडओव्हर कुणाला करायचं? असो.

तर काल शनिवार असूनही रबाळ्याला ऑफिसात येऊन बसलो. फाइल उघडली, हेडिंग टाईप केलं, आणि मग नेहमीप्रमाणे भलतंच वाचत बसलो. आयकाल नावाच्या न्यूट्रिनो डिटेक्टरचं रीडआउट इलेक्ट्रॉनिक्स!

तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या एका डोंगराच्या पोटात तो बसवायचा बेत. 50 हजार टन लोखंडाचे थर, आणि त्या थरांच्या मधे आरपीसी नावाचे 28,800 डिटेक्टर. आरपीसी म्हणजे दोन काचा, मधे 2 मिलिमीटरची फट, फटीत गॅस आणि काचांवर सुमारे 10 हजार व्होल्ट. न्यूट्रिनो स्वतः कुठेच दिसत नाही. लाखात एखादा म्हणणंही फार झालं, इतक्या क्वचित तो लोखंडाला धडकतो, आणि त्यातून निघालेला म्युऑन गॅसमधून जाताना बाहेरच्या पट्ट्यांवर मोजक्या मिलिव्होल्टचा, काही नॅनोसेकंदांचा सिग्नल सोडून जातो. पट्ट्या सुमारे 3 सेंटिमीटर रुंद. एका आरपीसीला 64 उभ्या, 64 आडव्या. करा गुणाकार. 36 लाखांच्या वर चॅनेल होतात.

मला गंमत वाटली ती वेळेची. म्युऑन वरून खाली गेला की खालून वर, हे कळायलाच हवं. कारण खालून आलेला न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी पार करून आलेला असतो, आणि वरचा नुसतं वातावरण. या दोघांची तुलना हाच प्रयोगाचा गाभा. पण प्रकाश एका नॅनोसेकंदात जातो 30 सेंटिमीटर. म्हणजे वेळ साधारण एका नॅनोसेकंदाच्या अचूकतेने मोजली नाही, तर वर-खाली कळणारच नाही.

त्यात वीज. एका चॅनेलला फक्त 10 मिलिवॅट जास्त लागले, तर सगळे मिळून जवळजवळ 37 किलोवॅट उष्णता वाढते, तीही डोंगराच्या आत. आपण कोड लिहिताना "थोडी मेमरी जास्त गेली तर काय बिघडतं" म्हणतो ना, ते इथे चालत नाही.

यावर काढलेला तोडगा आपल्या लोकांना लगेच पटेल. प्रत्येक आरपीसीच्या कोपऱ्यात एक बोर्ड, त्यावर एफपीजीए. कुठली पट्टी कधी वाजली याची नोंद तो तिथल्या तिथे करतो, ट्रिगर आला तर इथरनेटवरून सर्व्हरला पाठवतो, नाहीतर सोडून देतो. थोडक्यात, प्रत्येक काचेची पेटी म्हणजे एक नेटवर्क नोड.

सुरुवातीचा तो नाजूक सिग्नल वाढवणारी अनुस्पर्श नावाची चिप बीएआरसीत डिझाइन झाली. हे वाचून मी चमकलोच. घरी चेंबूरला जाताना रोज वाशीच्या खाडीपुलावर डावीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी हे काम झालं, आणि मी आपला रोज खिडकीशी पेंगतोय!

आणि आता मुख्य गोष्ट. तो डिटेक्टर उभा राहिलेलाच नाही. 2015 च्या सुरुवातीला केंद्राने सुमारे 1500 कोटींची मंजुरी जाहीर केली. पुढे पर्यावरण परवानगी हरित लवादात अडकली, 2022 मध्ये तमिळनाडू सरकारने सुप्रीम कोर्टात विरोध नोंदवला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. पश्चिम घाट आहे तो, आणि पलीकडे वाघांचं जंगल.

म्हणजे सर्किट्स तयार, डोंगर नाही. माझं दीड वर्ष गेलं म्हणून मी तोंड पाडून बसलोय, यांचं तर अर्ध करिअर!

पण मदुराईला 85 टनांचा छोटा मिनी-आयकाल उभा आहे. 2018 पासून त्यावर आकाशातून येणारे म्युऑन मोजले जातात. आणि किती नॉइज आला, कुठे टायमिंग चुकलं, काय बदललं, ते सगळं लिहून ठेवलेलं आहे. म्हणून तर रबाळ्यात बसलेला माझ्यासारखा उपरा ते वाचू शकला.

मी फाइलवर परत आलो. "सिस्टिम ओव्हरव्ह्यू" हे हेडिंग खोडलं. त्याऐवजी लिहिलं, की लोड वाढल्यावर आमची क्यू कुठले मेसेज टाकून देते आणि ते तसं का ठरवलं. मग फसलेले तीन प्रयोग, आकड्यांसकट. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त माझ्या डोक्यात होतं.

नऊ पाने झाली. सोमवारी पाठवतोय. कोण वाचेल माहीत नाही. निघायला साडेआठ झाले, आणि पुलावर आलो तेव्हा डावीकडे नुसता अंधार होता.